‘दी’ म्हणजे ऊर्फ: न्यू फ्रान्समध्ये आलेल्या फ्रेंच पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

आमच्या नातीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितले, तेव्हा आमच्या बाजूचा अर्धा कागद कुलवृत्तांत उघडून तासाभरात भरला आणि सुनेच्या बाजूचा अर्धा तिच्या पणजोबांपाशी येऊन थांबला. सून क्युबेकची, माहेरी सगळे फ्रेंच बोलणारे. ‘आमचे लोक फार पूर्वी फ्रान्सहून जहाजाने आले,’ यापलीकडे तिच्या आईलाही काही ठाऊक नव्हते. तो कोरा अर्धा भरण्याच्या निमित्ताने मी या शोधात पडले. कॅनडात आणि अमेरिकेत अशी नाती जुळलेली मराठी घरे आता बरीच आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे काम हाती घेतले, तर मी जिथे महिनोन्महिने अडखळले तिथे त्यांनी अडखळू नये, म्हणून ही वाट सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी हवी, कारण कागद कुठे शोधायचे हे तिच्यावर ठरते. साम्युएल द शांप्लेनने १६०८ मध्ये क्युबेक वसवले, १६३४ मध्ये त्र्वा-रिव्हिएर आणि १६४२ मध्ये आजचे मॉन्ट्रियल उभे राहिले, आणि सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने न्यू फ्रान्स ही फ्रेंचांची वसाहत पसरत गेली. १७५९ मध्ये क्युबेक आणि १७६० मध्ये मॉन्ट्रियल इंग्रजांच्या हाती पडले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने हा मुलूख कायमचा सोडला. या दीडशे वर्षांत फ्रान्सहून येऊन इथेच संसार थाटलेल्या माणसांची संख्या अवघी दहा हजारांच्या आसपास आहे. आजची बहुतेक फ्रेंच-कॅनेडियन घराणी या मूठभर माणसांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे एकदा अठराव्या शतकात पाऊल ठेवले की पुढची वाट बहुधा कोणी ना कोणी आधीच तपासून ठेवलेली असते. खरी अडचण येते ती अलीकडच्या दोनशे वर्षांत, आणि तिचे मुख्य कारण आडनावे हे आहे.

म्हणून पहिला नियम असा की आडनावाचा पाठलाग करू नये, लग्नाचा करावा. क्युबेकमधील कॅथलिक चर्चच्या लग्ननोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावे लिहिलेली असतात, आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह. एक लग्न सापडले की वरच्या पिढीतील दोन जोडपी हाती येतात, त्यांची लग्ने शोधली की चार. जन्माची किंवा मृत्यूची नोंद उपयोगाची असली, तरी जिना चढायचा तो लग्नांच्याच पायऱ्यांनी. आडनाव बदलते, त्याचे लेखन बदलते, क्वचित ते नाहीसेही होते. पण नवरा आणि बायको या दोघांची नावे एकत्र धरली, तर दुसऱ्या कोणाशी गल्लत होण्याची शक्यता फारच कमी उरते.

सुरुवात घरातून करावी. क्युबेकच्या घरांमध्ये अंत्यविधीच्या वेळी वाटलेली छोटी छापील स्मरणपत्रे जपून ठेवण्याची पद्धत होती. मृताचे छायाचित्र, तारीख, वय आणि बहुधा जोडीदाराचे नाव त्यावर असते. आमच्या विहीणबाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात अशी अकरा पत्रे निघाली आणि दोन पिढ्यांचा प्रश्न तिथेच सुटला. त्याबरोबर थडग्यांवरील मजकूर, लग्नपत्रिका आणि बाप्तिस्म्याचे दाखले पाहावेत. पुढे कॅनडाची जनगणना उपयोगी पडते. १८५१ पासून दर दहा वर्षांची पत्रके पाहता येतात, आणि १९०१ च्या पत्रकात तर जन्मतारखेचा रकानाही आहे, फक्त तीत एकदोन वर्षांचा फरक गृहीत धरावा.

एवढी सामग्री झाली की चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे. क्युबेकमध्ये १९९४ पर्यंत चर्चची वही हीच जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद मानली जात असे, म्हणून या वह्या अतिशय काळजीने सांभाळलेल्या आहेत. फ्रान्सच्या राजाने १६६७ मध्ये काढलेल्या आदेशानुसार प्रत्येक वहीच्या दोन प्रती करून एक न्यायालयात ठेवावी लागे. चर्चला आग लागली तरी दुसरी प्रत वाचली, असे अनेक ठिकाणी घडले आहे. क्युबेक शहराची अगदी पहिली वही मात्र १६४० च्या आगीत जळाली आणि नंतर लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिली गेली, हे त्या काळातील नोंद वापरताना लक्षात ठेवावे.

या वह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, फक्त खाते उघडावे लागते. द्रुएँ संस्थेने १९४० च्या दशकात सगळ्या क्युबेकभर फिरून वह्यांचे चित्रण केले होते, ते वर्गणी भरून पाहता येते. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ पासून चालू असलेल्या ऐतिहासिक लोकसंख्या संशोधन प्रकल्पाने १६२१ ते १८४९ या काळातील कॅथलिक नोंदी कुटुंबवार जोडून ठेवल्या आहेत; तेही सशुल्क आहे, पण तिथे खर्च केलेला प्रत्येक डॉलर वसूल होतो, असे माझे मत आहे. सिप्रियां तांगे या धर्मगुरूंनी १८७१ ते १८९० या काळात सात खंडांत प्रसिद्ध केलेला वंशकोश मोफत उपलब्ध आहे. त्यात चुका बऱ्याच आहेत, म्हणून त्यातील माहिती मूळ वहीशी ताडून घ्यावी. पण त्याच्या सातव्या खंडात आडनावांच्या जोड्यांची जी लांबलचक यादी आहे, तिला तोड नाही.

आता एक नोंद जवळून पाहू, कारण फ्रेंच येत नाही म्हणून घाबरून मागे फिरण्याचे काही कारण नाही. लग्नाची नोंद तारखेपासून सुरू होते आणि तिच्यातले वर्ष बहुधा अंकांत नव्हे, अक्षरांत लिहिलेले असते. मग लागोपाठच्या तीन प्रार्थनासभांत लग्नाची जाहीर घोषणा झाल्याचा किंवा त्यातून सूट मिळाल्याचा उल्लेख येतो. त्यानंतर वराचे नाव, ‘फीस द’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, आईवडिलांची नावे आणि त्यांचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला परिसर. मग वधूचे नाव, ‘फीय द’ म्हणजे ‘अमक्याची मुलगी’, आणि तिच्या आईवडिलांची नावे. बापाच्या नावाआधी ‘फ’ किंवा ‘देफें’ असा शब्द दिसला तर तो तेव्हा हयात नव्हता, म्हणजे त्याचा मृत्यू त्या तारखेच्या आधी शोधावा. ‘व्हव’ असेल तर वधू विधवा आहे, आणि इथे फसगत होते: पुनर्विवाहाच्या नोंदीत बहुधा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचे नाव लिहीत, म्हणून पहिले लग्न शोधल्याखेरीज वरची पायरी मिळत नाही. शेवटी साक्षीदार आणि त्यांचे नाते येते, आणि ‘सही करता येत नाही असे त्यांनी सांगितले’ हे वाक्य तर पानोपानी भेटते. अशा दहाबारा नोंदी वाचल्या की ठरावीक शब्द आपोआप डोळ्यांत बसतात. महिन्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ७ च्या आकड्याला जोडून ‘ब्र’ ही अक्षरे लिहिलेली असली तर तो जुलै नसून सप्टेंबर असतो, आणि त्याच रीतीने ८, ९ आणि १० हे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर.

कोणत्या गावात शोधावे हे कळत नसेल, तर वधूच्या गावापासून सुरुवात करावी, कारण लग्न बहुतेक वेळा तिच्याच पॅरिशमध्ये लागे. नोंदीत रक्ताच्या नात्यात लग्न करण्यासाठी चर्चकडून घेतलेल्या सवलतीचा उल्लेख असेल तर तो सोन्यासारखा जपावा. दुसऱ्या पायरीचे नाते म्हणजे वरवधूंचे आजोबा-आजी समान, तिसऱ्या पायरीचे म्हणजे पणजोबा-पणजी समान, चौथ्याचे म्हणजे त्याही वरची पिढी समान. ज्या फांदीवर कागद मिळत नाही, तिथे या एका शब्दावरून दोन फांद्या कुठे जुळतात हे ठरवता येते.

यानंतर येतो तो ‘दी’. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘म्हटला जाणारा’, स्त्रीसाठी ‘दीत’. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत, कारण आपला ‘ऊर्फ’ नेमके हेच काम करतो. मूळ आडनाव एक, वतनामुळे लोक म्हणतात कुलकर्णी किंवा देशमुख, आणि चार पिढ्यांनी एका भावाची मुले मूळ आडनाव लावतात तर दुसऱ्याची वतनाचे, हे आपल्याकडे घरोघरी झालेले आहे. न्यू फ्रान्समध्येही तेच झाले, पण कारणे वेगळी होती.

सर्वांत मोठे कारण सैन्य. फ्रेंच सैनिकाला भरतीच्या वेळी एक लढाऊ नाव मिळत असे. १६६५ मध्ये कारिन्यां-साल्येर रेजिमेंटचे सुमारे बाराशे सैनिक वसाहतीत आले आणि त्यांतले चारशेच्या आसपास इथेच स्थायिक झाले; पुढे नौदलाच्या तुकड्यांतूनही माणसे येत राहिली. लाफ्लर म्हणजे फूल, लात्युलिप म्हणजे ट्युलिप, सांसुसी म्हणजे बिनघोर, जोलिकर म्हणजे दिलखुश, व्हादबोंकर म्हणजे आनंदाने पुढे जाणारा, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर फोडणारा. ही सारी अशी बराकीतली नावे आहेत. ती अनेक सैनिकांना वेगवेगळ्या काळी मिळाली, म्हणून दोन लाफ्लर घराणी एकमेकांची कोणी लागतात असे कधीही गृहीत धरू नये. दुसरे कारण मूळ प्रदेश: लांजव्हां हा आंजूचा, पिकार हा पिकार्दीचा, पॉयतव्हां हा प्वातूचा. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखाच हा पत्ता आहे आणि फ्रान्समध्ये शोध घेताना तो फार कामाला येतो. तिसरे कारण जमीन. नदीकाठी एकाच आडनावाची पाच घरे झाली की ओढ्याजवळचा, ओकच्या झाडांजवळचा असे म्हणून लोक वेगळेपण दाखवत. मिव्हील घराण्याला ‘दी देशेन’ हे जोडनाव लागले. त्यातला ‘शेन’ म्हणजे ओक, आणि आज देशेन हे आडनाव मिव्हीलपेक्षा कितीतरी अधिक ऐकू येते.

एकाच घरात हा फाटा किती फुटतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे रिव्हार बंधू. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातील तूरूव्हरहून निकोला आणि रोबेर हे दोघे भाऊ आले आणि त्यांचा वंश क्युबेकमधील बातिस्कांच्या परिसरात वाढला. निकोलाला ‘लाव्हीन्य’ हे जोडनाव होते, तर रोबेरला ‘लोरांजे’. पुढच्या पिढ्यांत याच घराण्यातून दुफ्रेन, लानुएत आणि बेलफय अशीही नावे निघाली. आज या नावांची दोन माणसे शेजारी राहत असतील, तर आपण एका आजोबांचे आहोत हे त्यांना कळण्याचे कारणच नाही.

सुनेच्या घराण्यात मला हाच फटका बसला. एका जोडप्याचे लग्न मी घरातल्या आजच्या आडनावाने चार महिने शोधत होते. शेवटी कंटाळून नवऱ्याचे आडनाव सोडून दिले आणि बायकोचे पूर्ण नाव व नवऱ्याचे फक्त पहिले नाव घालून शोध घेतला. नोंद पाच मिनिटांत समोर आली. वही तीच होती, पान मी आधी दोनदा पाहिलेले होते, पण धर्मगुरूने फक्त मूळ आडनाव लिहिले होते आणि जोडनाव गाळले होते. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. प्रत्येक पुरुषासमोर आडनावाचे दोन रकाने ठेवायचे, तांगेंच्या यादीत त्या नावाच्या सगळ्या जोड्या पाहायच्या, आणि प्रत्येक जोडीने व प्रत्येक नावाने स्वतंत्रपणे शोधायचे. आईबापाच्या एका अपत्याची नोंद सापडली नाही तर भावंडांच्या नोंदी पाहायच्या. एखाद्या तरी नोंदीत दोन्ही आडनावे मध्ये ‘दी’ घालून लिहिलेली मिळतात, आणि तोच आपला पुरावा. एकोणिसाव्या शतकात ही प्रथा हळूहळू विरत गेली आणि प्रत्येक शाखेने दोहोंपैकी एक नाव कायम केले, म्हणून सर्वाधिक गोंधळही त्याच शतकात आहे.

लेखनातील फरक हा वेगळा त्रास. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरे पुष्कळदा उच्चारली जात नाहीत आणि एकट्या ‘ओ’ या उच्चारासाठी अनेक वर्णरचना आहेत. लिहिणारा धर्मगुरू कानावर पडले ते लिहीत असे आणि सांगणाऱ्याला वाचता येत नसे. गियों या आडनावाचे दियों झाले ते असेच, बोलण्यातून. म्हणून नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, आणि शोधताना शेवटच्या अक्षरांच्या जागी तारेचे चिन्ह (*) घालावे.

कुटुंब न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले असेल तर आणखी एक थर चढतो. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले आणि तिथे आडनावांची भाषांतरे झाली: ल्ब्लांचे व्हाइट, र्‍वाचे किंग, ब्वाव्हेरचे ग्रीनवुड, कूर्तमांशचे तर शब्दशः शॉर्टस्लीव्ह. उलट दिशेनेही हे घडले आहे. १७०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून पकडून आणलेला मथायस फार्न्सवर्थ इथे राहिला आणि त्याचे वंशज फानफ झाले; पेद्रो द सिल्व्हा हा पोर्तुगीज ‘ल पोर्त्युगे’ या जोडनावाने नोंदला गेला. फ्रेंच दिसणारे प्रत्येक आडनाव फ्रान्सचेच असते असे नाही.

पहिल्या नावांबाबत थोडक्यात सांगते. पुढच्या काळात मुलीच्या बाप्तिस्म्यात पहिले नाव मारी आणि मुलाच्या जोझेफ असा प्रघात पडला. मग धर्ममातेचे किंवा धर्मपित्याचे नाव, आणि शेवटी हाक मारायचे नाव. एका घरात सहा मारी दिसल्या म्हणून गोंधळू नये, शेवटचे नाव धरावे. लहानपणी वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धतही सर्रास होती, म्हणून जन्मनोंद मिळाली की त्या मुलाचा बालमृत्यू झाला नाही ना, हे तपासल्याशिवाय ती झाडावर चढवू नये. ‘ओंद्वाये’ असा शब्द असेल, तर जीवाला धोका आहे असे पाहून बाळाला सुईणीने घरीच बाप्तिस्मा दिला, असा त्याचा अर्थ.

स्त्रियांच्या नावांविषयी मला जरा थांबून लिहावेसे वाटते. आमच्या कुलवृत्तांतात सासरी बदललेल्या नावाच्या बायका आहेत. त्यांचे माहेर कुठले, आईने ठेवलेले नाव कोणते, हे पुष्कळदा कुठेच नाही. न्यू फ्रान्सच्या कागदांत बाई जन्माच्या नावानेच जगते आणि त्याच नावाने पुरली जाते. आठ मुले झाली, दोनदा विधवा झाली, तरी प्रत्येक नोंदीत तिचे नाव आणि माहेरचे आडनाव जागच्या जागी असते. क्युबेकमध्ये १९८१ पासून तर विवाहित स्त्रीने जन्माचेच नाव वापरावे असा कायदा आहे. त्यामुळे आईकडून आईकडे जाणारी वाट इथे वडिलांच्या वाटेइतकीच मोकळी आहे, आणि ती चढत गेले की बहुतेक घराण्यांत कुठेतरी एक ‘राजाची मुलगी’ भेटते. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने सुमारे आठशे तरुण स्त्रिया लग्नासाठी वसाहतीत पाठवल्या गेल्या. त्यांना हे नाव आहे. सुनेच्या आईची आई, तिची आई, असे चढत आम्हीही अशाच एकीपाशी पोहोचलो.

चर्चच्या वहीने दगा दिला तर नोटरीच्या दप्तराकडे जावे. पॅरिसच्या रिवाजानुसार वसाहतीत मालमत्तेचे व्यवहार चालत, म्हणून लग्नाआधी करार करण्याची प्रथा गरिबांतही होती आणि त्यात आईवडील, गाव, हुंडा हे सगळे येते. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत घरातला लोखंडी तवा, झिजलेली कुऱ्हाड, जुनी पांघरुणे आणि गाय यांची किंमत लावलेली असते आणि वारसांची नावे वयासह असतात. अज्ञान मुलांच्या पालकनेमणुकीसाठी नातलगांची सभा बोलावत. तिच्या कागदात प्रत्येकाचे मुलांशी नाते लिहिलेले असते, आणि एकाच नावाच्या दोन चुलत भावांतला आपला कोणता, हा माझा प्रश्न अशाच एका कागदाने सुटला. क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने यातले पुष्कळ मोफत खुले केले आहे. १६६६ मध्ये इंतांदां, म्हणजे वसाहतीचा राजनियुक्त कारभारी, झां तालोंने घेतलेल्या पहिल्या जनगणनेत ३,२१५ माणसे नावांसह आहेत. १६६७ आणि १६८१ च्या गणनाही पाहाव्यात.

तुमचे घराणे अकादीचे, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाचे असेल, तर वाट वेगळी होते. १७५५ पासून इंग्रजांनी त्या लोकांना हद्दपार केले आणि कागदही विखुरले. ग्रां-प्रेच्या नोंदवह्या निर्वासितांबरोबर लुइझियानात गेल्या आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. तिथल्या बोलीत माणसाची ओळख बापआजांच्या नावांची माळ करून सांगतात, ‘पिएरच्या झांचा जोझेफ’ अशी. म्हाताऱ्या माणसांकडून ही माळ लिहून घेतली तर चार पिढ्या एका वाक्यात मिळतात.

सर्वांत शेवटी समुद्र ओलांडायचा. मूळ स्थलांतरिताच्या लग्ननोंदीत किंवा करारात त्याचा फ्रान्समधील पॅरिश आणि धर्मप्रांत बहुधा असतो; ते गाव आजच्या कोणत्या देपार्तमां, म्हणजे जिल्ह्यात येते ते पाहावे, आणि त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वह्या उघडाव्यात. बहुतेक ठिकाणी त्या मोफत आहेत. त्याआधी ‘फिशिए ओरिजीन’ या मोफत सूचीत नाव जरूर पाहावे, कारण फ्रान्समध्ये सापडलेल्या मूळ नोंदी तिथे एकत्र केल्या आहेत. माणूस तीन वर्षांच्या मजुरी करारावर आला असेल, तर ला रोशेलसारख्या बंदरातील नोटरीकडे तो करार असू शकतो. पूर्वज पॅरिसचा असेल तर मात्र १८७१ च्या आगीत तिथल्या जुन्या नोंदवह्या जळून गेल्या आहेत, आणि ‘राजाच्या मुलीं’पैकी अनेक जणी पॅरिसच्या होत्या. आमचीही तशीच निघाली. तिचा बाप्तिस्मा सापडणार नाही, पण लग्नाच्या करारात तिच्या आईवडिलांची नावे आणि पॅरिसमधील त्यांचा पॅरिश लिहिलेला आहे, आणि नातीच्या कागदावर सर्वांत वरच्या ओळीत आम्ही तीच नावे लिहिली. तिच्या नवऱ्याची दोन्ही आडनावे खालच्या ओळीत, मध्ये ‘दी’ ठेवून.